सोमवारच्या दहा रेघा

माझं काम लोकांच्या कामात खुसपटं काढायचं. त्याचा मला पगार मिळतो, पण खरं सांगायचं तर मी ती फुकटही काढली असती. आमची कंपनी चित्रं काढायचं सॉफ्टवेअर बनवते. स्क्रीनवर पेन टेकवलं की ब्रश उमटतो, वेडावाकडा गोल काढला की तो आपसूक नीट होतो, रेघेवरचे बिंदू धरून ओढले की रेघ हवी तशी वाकते. हे सगळं बनवणारे वेगळे, आणि ते कुठे मोडतं हे शोधणारी मी वेगळी. त्यामुळे ऑफिसात माझ्याबरोबर चहा प्यायला कोणी फारसं उत्सुक नसतं.

पेंटरकाका मात्र असायचे. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, बाकी सगळ्यांसाठी ते पेंटरकाका. पंचवीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग छापील प्लास्टिकच्या पाट्या आल्या, सकाळी सांगितली की दुपारी लावून मोकळं, आणि काकांच्या हातात ब्रश उरले पण भिंती उरल्या नाहीत. तेवढ्यात आमच्या कंपनीतल्या कोणीतरी त्यांची एक जुनी पाटी पाहिली आणि त्यांना शोधून काढलं. आमचे ब्रश तेव्हा फार गुळगुळीत होते, रंग लावल्यासारखे वाटतच नसत. काकांना कॉम्प्युटर चालू कसा करतात तेही माहीत नव्हतं. सहा महिन्यांत शिकले. स्वतःच्या ब्रशांचा पत्र्याचा डबा घेऊन आले, एकेका ब्रशाचे केस कागदावर दाबून ठसे घेतले, दोन ठशांत अंतर किती, पेन दाबलं की रंग किती सुटायचा, केस कुठे फाकायचे, सगळं बसवलं. त्यातून जो 'पाटीचा ब्रश' तयार झाला, त्याच्यासाठी लोक आमचं सॉफ्टवेअर घेतात. सुरुवातीला ओला, भरलेला, आणि शेवटाकडे रंग संपत आला की केसांच्या रेषा दिसायला लागतात. गोल आणि चौकोन काय, कुठेही मिळतात.

मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात त्या ब्रशात एकशे चाळीस दोष काढले. सगळ्यांनी नाकं मुरडली. काल आलेली पोरगी आणि काकांना शिकवते! काकांनी ती यादी छापून आपल्या टेबलासमोर चिकटवली, एकेक दोष काढत गेले आणि मला 'खुसपटताई' असं नाव ठेवलं. "हिला डोळे आहेत," असं सगळ्यांसमोर म्हणाले. माझ्या आयुष्यात माझ्या खुसपटांचं कौतुक करणारे ते पहिले. माझ्या आईनेसुद्धा केलं नव्हतं.

आता त्या रेघांबद्दल सांगते. दर सोमवारी सकाळी, चहा झाला की काका स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाटीच्या ब्रशाने दहा लांब रेघा मारायचे. एका श्वासात एक रेघ. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅबिलायझर असतो. फ्रिजला लावतात तो नव्हे. हात जरासा हलला तरी रेघ सरळ यावी म्हणून पेनाच्या मागे थोडं थांबून, हलकं हलकं सगळं सावरून घेणारी ती सोय. त्याला शून्य ते शंभर आकडा असतो. दहापैकी आठ तरी रेघा मनासारख्या आल्या नाहीत, तर काका तो आकडा थोडा वर सरकवायचे आणि कारण नोंदवून ठेवायचे. मग तोच आकडा सगळ्या गिऱ्हाइकांकडे जायचा. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण काकांचा हात हीच आमची मोजपट्टी होती आणि मोजपट्टी मोजायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नाही.

नवी आवृत्ती यायच्या पाच आठवडे आधी तक्रारी सुरू झाल्या. आम्ही ती आधी काही चित्रकारांना वापरायला देतो. त्यातल्या एका बाईंनी, मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतात त्या, लिहिलं होतं, "बाजारात नवरा मागून रेंगाळत येतो ना, तसा ब्रश येतोय." मी हसले. दुसऱ्याने लिहिलं, ब्रश जड झालाय. तिसऱ्याने लिहिलं, मेलाय. मग मी हसायची थांबले.

मॅनेजरबाईंनी बोलावलं. "पाच आठवडे आहेत. शोधून काढ काय झालंय ते. आणि काकांना जास्त त्रास देऊ नकोस. त्यांच्या हातासाठीच तर त्यांना ठेवलंय आपण." त्यांनी हे कौतुकानेच म्हटलं होतं. माझ्या मात्र ते वाक्य डोक्यात राहिलं.

दोष शोधायला मला एक दुपार पुरली. स्टॅबिलायझरच्या नोंदी उघडल्या. दोन वर्षांपूर्वी आकडा बारा होता. मग चौदा. सतरा. बावीस. एकोणतीस. आता बेचाळीस. प्रत्येक नोंदीपुढे काकांनी कारण लिहिलेलं. पेनाचं टोक झिजलंय. टॅब्लेट नवीन, सवय नाही. टेबल डुगडुगतं. एसीची गार हवा थेट हातावर येते. मी एकेक कारण वाचत गेले आणि टेबलापाशी अडले. टेबल डुगडुगत नव्हतं. ते टेबल माझंही होतं.

त्यानंतर मला जे दिसायला लागलं ते आधी का दिसलं नाही, याचा मला अजून राग येतो. काका चहाचा कप अर्धाच भरून घ्यायचे. दोन्ही हातांनी धरायचे. इस्त्रीचे शर्ट जाऊन त्यांच्या अंगावर बिनबटणांचे टी-शर्ट आले होते, आणि मी त्यांना "काय काका, तरुण झालात" म्हणून चिडवलंही होतं. एकशे चाळीस दोष काढणारी मी, आणि माणूस शेजारी बसलेला.

खरं तर मी तेव्हाच त्यांच्यासमोर बसून बोलायला हवं होतं. मी मनात वाक्यंही जुळवली. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी मॅनेजरबाईंचं ते 'हातासाठीच' येऊन उभं राहायचं. काकांचा हात गेला तर काकांचं इथे काय? आणि मला असंही वाटलं, की त्यांना कळलं तर ते मोडतील. आता वाटतं, मला त्यांचं मोडणं बघायचं नव्हतं एवढंच.

म्हणून मी दुसरंच केलं. सगळ्यांसाठी आकडा परत बारा केला. आणि चार ओळी लिहिल्या, की काकांच्या नावाने लॉगिन झालं तर पडद्यावर बाराच दिसावा, पण आतून त्यात तीस मिळवावेत. कोणाला कळणार नाही अशा जागी त्या ओळी घातल्या. बाकीच्यांना सांगितलं, इंजिनात गडबड होती, निघाली. काकांनाही तेच सांगितलं. त्याच आठवड्यात त्यांचं नवीन पेन आलं, हा आणखी एक योग.

सोमवारी काका रेघा मारायला बसले. मी शेजारी माझ्या स्क्रीनकडे बघत होते, म्हणजे बघत असल्यासारखं करत होते. पहिली रेघ सरळ. दुसरी सरळ. सातव्या रेघेला काका गुणगुणायला लागले. दहाच्या दहा सरळ आल्या.

"बघितलंस खुसपटताई? बारा! बारावर दहा!" ते खुर्ची मागे सरकवून उभेच राहिले. "मी म्हणत होतो ना, पेन खराब होतं. उगाच जिवाला घोर लावून घेतला मी."

मग त्यांनी तिथूनच काकूंना फोन लावला. "अगं ऐक, ती गुरुवारची डॉक्टरची वेळ घेतली होतीस ना, ती रद्द करून टाक. हो, हो. हात अगदी ठणठणीत आहे. आज बघायला हवी होतीस तू."

त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली होती. म्हणजे त्यांना शंका आली होती, ते जाणार होते, आणि मी माझ्या चार ओळींनी त्यांना दारातून परत फिरवलं होतं. फोन त्यांच्या कानाला होता तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. मी चहा आणायला गेले.

नवी आवृत्ती गेली. लोक खूश झाले. मुलांच्या पुस्तकांच्या बाईंनी लिहिलं, नवरा आता बरोबरीने चालतो. मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि काकांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मला कुठे तोंड लपवावं कळेना.

कारण एवढ्यावर ते थांबत नव्हतं. सॉफ्टवेअर पेनाची मूळ चाल, म्हणजे सावरण्याआधीची, काही दिवस साठवून ठेवतं. दर शुक्रवारी मी काकांची ती चाल उघडून बघायची. पडद्यावर सरळ दिसणाऱ्या रेघेच्या खाली ती खरी रेघ असायची, करवतीच्या दातांसारखी. दात दर आठवड्याला थोडे मोठे. सोमवारी काकांची एखादी जरी रेघ बिघडली तर त्यांना शंका येईल, म्हणून मी शुक्रवारीच आतले तीस तेहतीस करायची. मग अडतीस. मग एक्केचाळीस. आकडा वाढवताना प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगायची, हा शेवटचा, पुढच्या आठवड्यात सांगून टाकू.

दोनदा सांगायला गेलेही. एकदा जिन्यात गाठलं, तर काका म्हणाले, "बोल की, चेहरा का असा उतरलाय? घरी काही?" मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं. दुसऱ्यांदा तर तोंड उघडायच्या आधीच त्यांनी मला नव्या ब्रशाचे ठसे दाखवायला सुरुवात केली, इतक्या आनंदाने, की जीभ उचलायचा मला धीर झाला नाही.

मग एक दिवस काकूंचा फोन आला. मी त्यांना दोनच वेळा भेटले होते. त्यांनी आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग आवाज खाली आणला. "तुला एक विचारू का गं? घरी त्यांना कुलपात किल्ली घालायला दोन-दोन मिनिटं लागतात. परवा सही केली तर बँकेतल्या माणसाने परत करायला लावली. विचारलं की म्हणतात, तुझा भ्रम आहे, ऑफिसात माझा हात मोजून बघतो मी दर सोमवारी. खरंच का गं? तिथे बरा असतो का हात?"

"ऑफिसात छान असतो काकू," मी म्हटलं.

आजवर मी बोललेल्या सगळ्या खोट्या गोष्टी एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. फोन ठेवला आणि मी बराच वेळ बाथरूमचा नळ चालू ठेवून उभी राहिले. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

काकू मात्र माझ्यासारख्या घाबरट नव्हत्या. माझं ऐकूनही त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि पुन्हा डॉक्टरांची वेळ घेतली. काका कुरकुरत तयार झाले. "तिच्या समाधानासाठी जातोय," ते मला म्हणाले. "पण मी काही मोकळ्या हाताने जाणार नाही. सगळ्या नोंदी छापून नेतो. दोन वर्षांचा हिशेब कुठल्या पेशंटकडे असतो? फक्त तू चल बरोबर. डॉक्टरला स्टॅबिलायझर म्हणजे काय ते मला समजावता यायचं नाही, तू नीट सांगशील."

नाही म्हणायला मला कारणच सुचलं नाही.

डॉक्टरांची खोली लहान होती. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर मेंदूचं चित्र. काकूंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. डॉक्टरांनी काकांना हात पुढे धरायला लावले, बोट नाकाला लावायला सांगितलं, मग एक कागद देऊन गोल गोल वेटोळं काढायला सांगितलं. काकांनी काढलं. कागदावरचं ते वेटोळं बघून काकूंनी मान फिरवली. पाट्या रंगवणाऱ्या माणसाचं वेटोळं होतं ते, आणि त्यालाही करवतीचे दात फुटले होते.

"कागदावर असं होतं," काका घाईने म्हणाले. "टॅब्लेटवर नाही होत. कागद घसरतो."

"कंप आहे, तो तर मला दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "मला हे कळायला हवं की तो किती वेगाने वाढतोय. त्यावर पुढचं सगळं ठरतं. साधारण कधीपासून? आठवतंय?"

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी नोंदींचे कागद टेबलावर पसरले. मी समजावून सांगितलं. आकडा म्हणजे काय, तो वाढला म्हणजे काय. माझा आवाज मलाच परका वाटत होता. डॉक्टर खरोखर पुढे वाकून वाचायला लागले. "वा! असं कोणी आणत नाही," ते म्हणाले. बारापासून बेचाळीसपर्यंत त्यांनी बोट फिरवलं आणि ते गंभीर झाले. मग बोट शेवटच्या पानावर आलं. बारा. बारा. बारा. चार महिने बारा.

"हे काय?"

"आधीचं पेन खराब होतं," काका म्हणाले. "पेन बदललं, संपलं. चार महिने काटा हललेला नाही. ही साक्षीदार."

डॉक्टर मागे टेकले. "तसं असेल तर चांगलंच आहे. चार महिने अजिबात वाढ नाही म्हणजे घाई करायचं कारण नाही. आत्ता औषधं, तपासण्या नकोत. सहा महिन्यांनी या, पुन्हा बघू." त्यांनी पेन उचललं. काकूंनी इतका मोठा श्वास सोडला की तो मला ऐकू आला. काका माझ्याकडे बघून हसले.

सहा महिने. मी मनात करवतीचे दात मोजले.

"डॉक्टर, ते पान खोटं आहे," मी म्हटलं.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी थांबले असते तर पुन्हा बोलूच शकले नसते, म्हणून मी थांबले नाही. त्या चार ओळी सांगितल्या. तीस सांगितले, तेहतीस सांगितले, शुक्रवार सांगितले. काकूंना फोनवर काय सांगितलं तेही सांगितलं. माझ्या फोनमध्ये प्रत्येक शुक्रवारची तारीख आणि आकडा होता, तो फोन मी टेबलावर ठेवला. सांगताना मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचीही मला लाज वाटत होती, कारण रडायचा हक्क त्या खोलीत माझा नव्हता.

काकूंनी माझा फोन उचलून तारखा वाचायला सुरुवात केली.

काकांनी तो वेटोळ्याचा कागद स्वतःकडे ओढला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "परवाच्या सोमवारी किती होता? खरा?"

"बारा आणि शेहेचाळीस," मी म्हटलं. "अठ्ठावन्न."

"चार महिन्यांत बेचाळीसचे अठ्ठावन्न," काका डॉक्टरांना म्हणाले. "लिहून घ्या. ही आकड्यात चुकत नाही."

डॉक्टरांनी सहा महिन्यांची ओळ खोडली. त्याच दिवशी दोन तपासण्या लिहून दिल्या, एक औषध सुरू केलं आणि आठ दिवसांनी बोलावलं. चार महिने आधी आला असतात तर, असं काही ते म्हणाले नाहीत. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बाहेरच्या बोळात काकू औषधाच्या खिडकीकडे गेल्या. काका आणि मी भिंतीला लागून उभे होतो. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही, कळलं नाही.

"मला सांगायचं होतंस," एवढंच ते म्हणाले. रागाने म्हणाले असते तर सोपं गेलं असतं. "माझी वेळ ठरली होती, पोरी. मी निघालो होतो."

"माहीत आहे काका."

"त्या ओळी आज काढून टाक."

"औषध लागू पडेपर्यंत तरी राहू द्या. नाहीतर रेघ फार..."

"फार काय? वाकडी येईल ना? येऊ दे. माझी आहे ती."

आम्ही तीनच्या सुमाराला ऑफिसात पोहोचलो. त्यांच्या देखतच मी त्या ओळी काढल्या, मॅनेजरबाईंना सगळं सांगायचं म्हणून उठले, तर काकांनी माझी खुर्ची पायाने पुढे ढकलली.

"त्या कुठे पळत नाहीत. बस आधी. बघ."

त्यांनी पेन उचललं, श्वास घेतला आणि पहिली रेघ सुरू केली. मी बसले, आणि दहाही रेघा शेवटपर्यंत बघितल्या.